जुळ्यातलं दुसरं

"शैलाताई, तुमच्या कॉम्प्युटरनं आमचं एक बाळ खाल्लं वो!"

फोनवर प्रसूतिगृहाच्या सिस्टर आवळे होत्या. बुधवार, सकाळचे साडेदहा. मी नुकताच डबा कपाटात ठेवून खुर्चीत टेकले होते.

"खाल्लं म्हणजे?"

"म्हणजे काय सांगू! सात नंबरच्या खोलीत जुळ्या मुली. सोमवारी मी स्वतः बसून दोन्ही भरल्या. पहिली दोन किलो चारशे, दुसरी एक किलो नऊशे. सेव्ह दाबलं, काही कुरकुर नाही. आत्ता घरी सोडायचा कागद काढला तर त्यावर एकच! खाली वॉचमन अडवून बसलाय. म्हणतो, कागदावर एक बाळ, हातात दोन, दुसरं कुणाचं ते आधी सांगा."

मागून कुणीतरी खेकसलं, "कुणाचं म्हणजे? आमचंच हाय की! आता काय एक हितंच ठेवून जाऊ?"

"ऐकलंत? तो बाप," सिस्टर म्हणाल्या.

"कागदावर पेनानं दुसरं बाळ लिहा, सही-शिक्का मारा आणि सोडा त्यांना. आम्ही बघतो," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. त्या क्षणी मी टेबलावर बोटांनी ताल धरला होता.

कारण तो प्रोग्राम गौतमीनं नव्यानं लिहिलेला होता.

आमचं ऑफिस मिरजेत, एका मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शिरगुप्पे सर मालक, आणि आम्ही आठ जण. दवाखान्यांना लागणारे प्रोग्राम करायचो. हे प्रसूतिगृह आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि त्याचा प्रोग्राम सहा वर्षांपूर्वी पहिल्या ओळीपासून मी लिहिला होता, एकटीनं. सर तेव्हा आल्यागेल्याला सांगायचे, "आमची शैला म्हणजे बघायला नको." सकाळचा चहा माझ्या टेबलाशी उभं राहून प्यायचे.

मग गौतमी चौगुले आली. तासगावची, चोवीस वर्षांची, बारीक आवाजाची. महिन्याभरात सरांचा चहा तिच्या टेबलाशी सरकला. वर्षभरात प्रत्येक गोष्टीला "गौतमीला विचारा" सुरू झालं. बरं, पोरगी उद्धट असती तर माझं काम सोपं होतं. ती मला ताई म्हणायची, मी उभी असले तर उठून खुर्ची द्यायची, आईनं केलेले धपाटे सगळ्यात आधी माझ्यापुढं धरायची. ते धपाटे इतके मऊ असत की त्याचाही मला राग यायचा. घरी आमचे हे म्हणायचे, "तुला त्या पोरीचं काय बघवत नाही बाई." खरंच बघवत नव्हतं.

आणि त्या आठवड्यात तर अजिबात नाही. सरांना सांगली-मिरजेच्या सात दवाखान्यांचं मिळून एक मोठं काम मिळालं होतं. त्याची लीड, म्हणजे कामाची प्रमुख, कोण, हे सर शुक्रवारी सांगणार होते. नावं दोनच होती, तिचं आणि माझं. मला ते पाहिजे होतं. नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला होता. सहा वर्षं घासल्यावर कालच्या पोरीच्या हाताखाली बसायचं, या विचारानंच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि बुधवारी हा फोन.

मी उठले, सरांच्या केबिनीत गेले आणि दार मुद्दाम उघडं ठेवून सांगितलं, "सर, प्रसूतिगृहाचा फोन होता. नव्या प्रोग्रामनं जुळ्यातलं एक बाळ सेव्हच केलं नाही. माझ्या वेळी असं कधी झालं नव्हतं."

शेवटचं वाक्य गरजेचं नव्हतं. पण मी ते चांगलं मोठ्यानं म्हटलं.

सर बाहेर आले. गौतमी आधीच उभी राहिली होती, तिचा चेहरा उतरला होता.

"शैला, तू बघतेस का जरा?" सरांनी विचारलं.

"नवी पद्धत तिची आहे सर. मला अडाणीला त्यातलं काय कळतंय?"

"मी बघते सर," गौतमी म्हणाली. "माझंच काम आहे."

नवी पद्धत काय होती ते थोडक्यात सांगते. माझ्या जुन्या प्रोग्रामात आईची नोंद वेगळी, बाळाची वेगळी, आणि दोन्ही डेटाबेसमध्ये घालायची वाक्यं मी हातानं लिहिलेली. गौतमीनं ते काढून ओआरएम बसवला. ओआरएम म्हणजे मधला माणूस. आपण त्याला एवढंच म्हणायचं की ही आई, ही तिची बाळं, सेव्ह कर. कुठल्या तक्त्यात काय घालायचं, कुणाला कुणाशी जोडायचं, ते सगळं तो बघतो. काम झटपट, ओळी निम्म्या. सर खूश. मी म्हणायचे, मधला माणूस आला की घोळ आलाच.

गौतमी बसली. मी समोरच्या टेबलावरून बघत होते. माझं स्वतःचं काम पडलं होतं, पण त्या दिवशी मला दुसरं काही करायचंच नव्हतं.

आधी तिनं ओआरएमची मांडणी तपासली. आईला सेव्ह केलं की तिची बाळंही सेव्ह करायची, अशी सूचना त्याला द्यावी लागते.

"ताई, सूचना तर दिलेली आहे," ती म्हणाली. "बघता का जरा?"

मी उठून तिच्या पडद्यात डोकावले. "दिसतंय तर बरोबर."

"मग?"

"मग काय माहीत बाई."

मग तिनं डेटाबेसमध्येच काही अडतंय का ते बघितलं. अडत नव्हतं. मग ओआरएमनं डेटाबेसला खरोखर काय पाठवलं त्याची नोंद काढली. त्यात एक आई आणि एक बाळ. दुसऱ्या बाळाचं वाक्य गेलंच नव्हतं. डेटाबेसनं नाकारलं नव्हतं, कुणी पुसलंही नव्हतं. सेव्ह व्हायच्या आधीच ते कुठंतरी गळालं होतं.

शेवटी तिनं एक खोटी आई तयार केली, तिला दोन मुली दिल्या, नावं घातली चिंगी आणि मंगी, आणि सेव्ह दाबलं. दोन्ही सेव्ह झाल्या. तिनं पुन्हा केलं. पुन्हा दोन्ही.

"माझ्याकडं होतंय की! मग तिथं का नाही?" ती जवळजवळ रडकुंडीला आली.

"चाचणीत सगळं होतंच," मी म्हणाले आणि डबा उघडला.

ती जेवली नाही. तिचा डबा तिनं तसाच माझ्याकडं सरकवला. "तुम्ही घ्या ताई, मला नको वाटतंय." मी घेतला. दोन धपाटे आणि दह्याची चटणी, सगळं खाल्लं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते, पण खाल्लं.

दुपारी दोनला ती म्हणाली, "सिस्टर प्रत्यक्षात कसं भरतात ते बघून येते." आणि स्कूटी काढून गेली.

हे माझ्या हिशेबात नव्हतं. मला वाटलं होतं ती पडद्यापुढं बसून दोन दिवस डोकं फोडेल, शुक्रवार उजाडेल, आणि मग मी पुढं होऊन पाच मिनिटांत दाखवून देईन. आता तुम्ही म्हणाल, पाच मिनिटांत कसं? सांगते. थोडा दम धरा.

ती साडेतीनला परत आली. जिना धावत चढल्याचा आवाज आला. तिनं पर्सही ठेवली नाही, तशीच सरांच्या दारात उभी राहिली.

"सर, सापडलं. नाव!"

"कसलं नाव?"

"तिथं नावच नसतं सर. बारशाआधी नाव ठेवत नाहीत ना कुणी. मी चाचणीत चिंगी-मंगी घातलं. तिथं सगळ्यांच्या नावाच्या जागी 'बाळ' एवढंच लिहितात. पहिल्याचंही बाळ, दुसऱ्याचंही बाळ."

सर उठून बाहेर आले. तिनं फळ्यावर एक मोठा गोल काढला.

"आईची बाळं मी या एका पिशवीत ठेवते. ही पिशवी अशी आहे की सारख्या दोन गोष्टी ती ठेवून घेत नाही. दुसरी आली की गुपचूप टाकून देते. मुद्दामच तशी घेतली होती. सिस्टर घाईत दोनदा सेव्ह दाबतात, एकच बाळ दोनदा पडायचं, ते पडू नये म्हणून. पण सारखं म्हणजे काय, हे आपण सांगायचं असतं. मी सांगितलंय: आई तीच, जन्मतारीख तीच, नाव तेच, तर बाळ एकच." तिनं तीन रेघा मारल्या. "जुळ्यांची आई तीच. तारीख तीच. नाव दोघींचं बाळ. वजन वेगळं आहे, पण ते कुणी विचारतंय? दुसरी आली की पिशवीनं टाकून दिली. ओआरएमच्या हातात एकच पोचली, त्यानं एकच सेव्ह केली. त्याची काही चूक नाही."

सर फळ्याकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "ही तीन गोष्टींची अट कुणी ठरवली?"

आता सांगते.

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी सरांनी एका डॉक्टरांना माझ्यादेखत सांगितलं होतं, "शैलाचं ते आता जुनं झालं हो. गौतमी सगळं नव्यानं करतेय." मी तिथंच उभी होते, हातात त्याच डॉक्टरांची फाइल घेऊन. नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात ना, तसं झालं. त्याच दुपारी गौतमी वही घेऊन माझ्याकडं आली. माझा जुना प्रोग्राम इतका गुंत्याचा की माझ्याशिवाय कुणाला उलगडायचा नाही, म्हणून तिथले नियम ती मला विचारून विचारून वहीत उतरवायची.

"ताई, एकच बाळ दोनदा भरलं गेलं तर तुमच्या प्रोग्रामात ओळखायचं कशावरून?"

माझ्या प्रोग्रामात चार गोष्टी होत्या. आई, तारीख, नाव, आणि जन्माचा क्रम. पहिलं की दुसरं. हा क्रम मी पहिल्याच महिन्यात घातला होता, सिस्टर आवळ्यांनी मला झापल्यावर. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अहो, तुमच्यात बारसं, आमच्यात बाप्तिस्मा, ते सगळं नंतर. दवाखान्यात सगळ्यांचं नाव एकच, बाळ. मग जुळी कशी ओळखणार तुमचा कॉम्प्युटर?" म्हणजे मला माहीत होतं. चांगलं ठाऊक होतं.

"आई, तारीख, नाव," मी म्हणाले.

तिनं लिहिलं. पेन थांबलं. "एवढंच?"

"एवढंच."

आणि तिनं ते डोळे झाकून मान्य केलं. मी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार, असं.

मला वाटलं होतं, चाचणीतच फुटेल. सरांपुढं एकदा तोंडघशी पडेल, मी पुढं होऊन निस्तरीन, आणि चहा परत माझ्या टेबलाशी येईल. एवढंच माझं राजकारण. पण तिनं चाचणीत नावं घातली आणि सगळं सुरळीत पार पडलं. तेव्हा तरी तोंड उघडायचं! नाही उघडलं. तीन आठवड्यांपूर्वी प्रोग्राम दवाखान्यात बसला, तेव्हाही नाही. रोज सकाळी ऑफिसात येताना मी फोनची वाट बघायचे.

तर सरांनी विचारलं, "ही अट कुणी ठरवली?"

गौतमीनं पर्समधून वही काढली. पानं उलटली, एका पानावर थांबली. मी तिच्या बोटाकडं बघत होते. तिनं ते पान वाचलं, वही मिटली आणि म्हणाली, "मी, सर. चूक माझी आहे. जन्माचा क्रम घ्यायला पाहिजे होता."

मी माझ्या पडद्याकडं तोंड वळवलं.

"पण सर, ते नंतर," ती म्हणाली. "मी तिथलं जन्माचं रजिस्टर बघून आलेय. या तीन आठवड्यांत अजून एक जुळं झालंय. मागच्या आठवड्यात सोमवारी, बेडग गावच्या बाईंना. दोन मुलगे. त्यांना सोडलं त्या दिवशी प्रिंटर बंद होता, कागद हातानं लिहिला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण पाचव्या दिवशी काविळीच्या तपासणीला बोलवायची यादी कॉम्प्युटरवरून निघते. त्यात एकच बाळ आहे."



तिनं रजिस्टरातून नंबर उतरवून आणला होता. फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. एका म्हातारीनं उचलला.

"आजी, दवाखान्याच्या कामासाठी बोलतेय. बाळं दोन्ही बरी आहेत ना?"

"हायत की."

"शनिवारच्या तपासणीला दोन्ही आणली होती?"

"दोन कशाला? तुमीच सांगितलं एकाचं नाव यादीत हाय. थोरल्याला आणलं. यस्टीत दोन-दोन पोरं कुठं सांभाळायची बाई?"

"आणि धाकटं? दूध पितंय नीट?"

"धाकटं झोपतंयच लई. पिवळंबी दिसतंय जरा. आमी उन्हात धरतोय की सकाळचं."

गौतमीनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे मोठे झाले होते.

"आजी, आत्ताच्या आत्ता घेऊन या. यष्टी बघू नका, रिक्षा करा. मी दवाखान्यात सांगून ठेवते."

तिनं सिस्टर आवळ्यांना फोन केला, मग स्कूटी काढून स्वतःही गेली. मीही जायला पाहिजे होतं. मी खुर्चीत बसून राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून देवाचं नाव घेतलं. साडेसहाला तिचा फोन आला. कावीळ वाढलेली होती, पण हाताबाहेर गेली नव्हती. बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत उतरेल, अजून दोन दिवस उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

गुरुवारी ती सकाळी आठलाच ऑफिसात आली आणि अटीत चौथी गोष्ट घातली. एका आईला नाव नसलेली दोन बाळं, मग तीन, मग चार, असं सगळं करून बघितलं. दुपारपर्यंत नवा प्रोग्राम दवाखान्यात बसला आणि गळालेल्या दोन्ही बाळांच्या नोंदी सिस्टरांनी पुन्हा भरल्या. सर तिच्याशी दिवसभर बोलले नाहीत. चहा घेऊन ते माझ्या टेबलाशी आले.

"शैला, जुनं ते सोनं म्हणायची वेळ आणली बघ या पोरीनं."

चौदा महिने मी त्या चहाची वाट बघितली होती. आता तो आला आणि मी फाइलमध्ये डोकं घातलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही दोघीच जिना उतरत होतो. मला राहवलं नाही.

"काल वहीत काय बघितलंस?"

"ते पान."

"मग?"

"तीनच गोष्टी लिहिल्यात. क्रम नाही." ती एक पायरी खाली थांबली, माझ्याकडं न बघता. "तुम्ही चार सांगितल्या असतील. मी लिहिताना चुकले असेन."

"आणि चुकली नसशील तर?"

तिनं वर बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. राग असता तर मी दोन हात केले असते.

"मग मला या ऑफिसात बसता येणार नाही, ताई," ती म्हणाली. "मला नोकरी पाहिजे. म्हणून मीच चुकले."

आणि पायऱ्या उतरून गेली.

म्हणजे तिला कळलं होतं! सगळं कळलं होतं, आणि तरी तिनं मिटवून टाकलं. भांडली नाही, चहाडी केली नाही. त्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना माझी एक भाकरी धड होईना. यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, लीड मिळतंय." ते खूश झाले, आईंना सांगायला गेले. आणि मी तव्यापुढं उभी. लीड मिळतंय, पण कसं? ती देतेय म्हणून. सहा वर्षं घासून मी जे हक्कानं घेणार होते, ते कालच्या पोरीनं माझ्या पदरात टाकलं. उद्यापासून मी तिची लीड, आणि रोज सकाळी ती मला ताई म्हणणार, खुर्ची देणार, धपाटे देणार, आणि आम्हा दोघींनाच माहीत असणार की मोठी कोण. हे मला सहन होईना.

शुक्रवारी अकराला सरांनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा पुडा होता.

"सात दवाखान्यांच्या कामाची लीड," सर म्हणाले, "अनुभवाला पर्याय नाही हे या आठवड्यात आपण बघितलं. शैला कोरे."

टाळ्या वाजल्या. गौतमीनंही वाजवल्या, आणि खऱ्या वाजवल्या. तिथंच माझं डोकं फिरलं.

"थांबा सर," मी म्हणाले. "ती अट मी सांगितली होती. तिनं विचारलं, एवढंच का? मी म्हटलं, एवढंच. चौथी गोष्ट मला माहीत होती. मी मुद्दाम सांगितली नाही."

टाळ्या थांबल्या. सरांना आधी समजलंच नाही.

"विसरलीस म्हणतेस?"

"विसरले नाही सर. सांगितली नाही. तिचं चुकावं म्हणून."

सरांनी चष्मा काढला. "शैला, ते बेडगचं पोर."

"हो सर."

"म्हणजे तुला तीन आठवडे माहीत होतं?"

"दोन महिने."

त्यांनी पेढ्यांचा पुडा उचलला आणि खणात ठेवून दिला. मग ते म्हणाले, "गौतमी, लीड तू कर." आणि केबिनीत निघून गेले. मला नोकरीवरून काढलं नाही. का काढलं नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

आज या गोष्टीला अकरा वर्षं झाली. ऑफिसात जे नवीन येतात त्यांना जुने लोक अजून ही गोष्ट सांगतात. शैलाताईंनी हातात आलेलं पद सोडलं, भर सभेत खरं बोलल्या, असं काय काय. मी ऐकून घेते. खरं बोलले ते मन मोठं म्हणून नव्हे हो. तिचं मन माझ्यापेक्षा मोठं ठरत होतं, ते मला बघवलं नाही म्हणून. ज्या जळफळाटानं गप्प बसवलं, त्यानंच बोलायला लावलं. एवढंच.

त्या शुक्रवारी दुपारी गौतमी माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. आभार मानेल, रडेल, शिव्या तरी देईल. तिनं एक कोरी वही माझ्यापुढं ठेवली.

"तुमच्या जुन्या प्रोग्राममधले सगळे नियम यात लिहून द्या," ती म्हणाली. ताई म्हणाली नाही.

मी तीन दिवस बसून लिहिले. सदतीस नियम. एकेक आठवून, कोडमधून हुडकून, कुठला का घातला तेही लिहून. सहा वर्षांत केलं नव्हतं इतक्या सचोटीनं ते काम केलं. बुधवारी सकाळी वही तिच्या टेबलावर ठेवली. तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं सावकाश वाचलं. मी समोर उभी होते. ती उठली नाही, म्हणून मीच एक खुर्ची ओढून बसले.

"एवढेच?" तिनं विचारलं.

"एवढेच."

तिनं मान हलवली, फोन उचलला आणि सिस्टर आवळ्यांचा नंबर फिरवला. पहिला नियम त्यांना वाचून दाखवला आणि विचारलं, "सिस्टर, हे खरं आहे का?" तिकडून उत्तर आलं, तिनं पेनानं खूण केली. मग दुसरा नियम वाचला. मग तिसरा. माझ्यादेखत, सदतीसच्या सदतीस.